दोरी नसलेली पेन्सिल

बँकेच्या काउंटरवरचं पेन दोरीने का बांधलेलं असतं, या प्रश्नावर आजवर एकाही तत्त्ववेत्त्याने ग्रंथ लिहिल्याचं माझ्या ऐकिवात नाही. वास्तविक माणूस मुळात चांगला की वाईट, या हजारो वर्षांच्या वादाचा निकाल त्या वीतभर दोरीला बांधून ठेवलेला आहे. ज्या माणसाच्या सहीवर आम्ही पाच लाखांचं कर्ज देतो, त्याच माणसावर ती सही करायला दिलेल्या पाच रुपयांच्या पेनाबाबत आमचा काडीचा विश्वास नसतो. बरं, हा अविश्वास अनाठायी म्हणावा, तर तसंही नाही. कर्ज बुडवणारे थोडे. पेन नेणारे मात्र सर्व थरांत, सर्व वयांत आणि सर्व पगारांत आढळतात. आमच्या शाखेत एकदा दोरीऐवजी बारीक मण्यांची साखळी लावून पाहिली. महिन्याभराने पेन जागेवर होतं, साखळी गेली होती.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. तत्त्वज्ञान आम्हाला नव्हतं, ऑडिटिंग होतं. त्यात इंग्लंडातला १८९६ सालचा एक खटला सगळ्या वर्गाला पाठ असे. किंग्स्टन कॉटन मिलचा. त्यात न्यायमूर्तींनी असं सांगितलं की ऑडिटर हा राखणीचा कुत्रा आहे, माग काढत फिरणारा शिकारी कुत्रा नव्हे. परीक्षेत एवढं लिहिलं की मार्क पक्के. मला त्यातून इतकाच बोध झाला की माणूस प्रामाणिक राहावा म्हणून कुठल्या जातीचा कुत्रा ठेवावा याबद्दल विद्वानांत मतभेद असतील, पण कुत्रा हवाच याबद्दल एकमत आहे. याच श्रद्धेवर मी वीस-बावीस वर्षं नोकरी केली. तिला पहिला धक्का दिला तो माझ्या भाच्याने.

भाचा अमेरिकेत सिअ‍ॅटलला असतो. मागे एकदा डिसेंबरात सुट्टीवर आला तेव्हा चार दिवस आमच्याकडे उल्हासनगरला राहिला. शनिवार-रविवारी तिकडे काय करतोस, असं मी सहज विचारलं. तो म्हणाला, "मामा, मी कॅश शोधतो."

मी कॅशमध्ये बसतो. कॅश शोधणं म्हणजे काय यातना असतात, हे संध्याकाळी ज्याच्या खिडकीत पाचशे रुपये कमी भरलेत त्यालाच ठाऊक. सुट्टीच्या दिवशी आपण होऊन कॅश शोधणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. मग खुलासा झाला की त्याची कॅश वेगळी. लपवून ठेवलेल्या साठ्याला तिकडे कॅश म्हणतात आणि या खेळाचं नाव जिओकॅशिंग. कुणीतरी एक डबा रानात, डोंगरात किंवा बागेतल्या एखाद्या ढोलीत लपवतो. त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. बाकीचे लोक फोनमधल्या उपग्रहाच्या मदतीने तिथवर जातात, पालापाचोळा उचकतात, डबा शोधतात. डब्यात एक वही असते, तिच्यात नाव आणि तारीख लिहितात आणि डबा होता तिथे परत ठेवून घरी येतात.

"आणि मिळतं काय?" सौ.ने विचारलं.

"डबा मिळतो."

"तो तर परत ठेवलात ना?"

भाचा हसला. सौ. हसली नाही. ताईने मुलाला इतकं शिकवलं, दोन-दोन पदव्या झाल्या, आणि शेवटी तो रिकामा डबा शोधून परत ठेवतो, हे तिला मनापासून लागलं होतं.

या खेळाचा जन्म मात्र आपल्या ओळखीच्या तारखेचा. उपग्रहांवरून जागा सांगणारी यंत्रणा अमेरिकन लष्कराची. सामान्य माणसाच्या हाती फार अचूक माहिती पडू नये म्हणून ते त्या उपग्रहांच्या संदेशांत मुद्दाम घोळ मिसळत. त्यामुळे तुमचं-आमचं यंत्र शंभरेक मीटर इकडे-तिकडे दाखवी. १ मे २००० रोजी, म्हणजे आपण इथे महाराष्ट्र राज्याची चाळिशी साजरी करत होतो त्या दिवशी, अध्यक्ष क्लिंटन यांनी हा घोळ बंद करत असल्याचं जाहीर केलं. एका रात्रीत यंत्रं कितीतरी पट नेमकी झाली. ३ मे रोजी ऑरेगन राज्यात डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने ही नेमकेपणाची परीक्षा घ्यायचं ठरवलं. बीव्हरक्रीक गावाजवळच्या रानात त्याने एक काळी बादली नेऊन ठेवली. आत वही, पेन्सिल, काही पुस्तकं, एक गलोल आणि बीन्सचा एक डबा. जागेचे आकडे त्याने जाहीर केले आणि सोबत नियम घातला: काहीतरी घ्या, काहीतरी ठेवा, वहीत नोंद करा. दोन-चार दिवसांत एक जण तिथे पोचलासुद्धा. आज जगभरात असे तीस लाखांहून अधिक डबे आहेत. पुढे त्या नियमाला जरा हिशेबी वळण लागलं: जे घ्याल त्याच्या तोलाचं किंवा त्याहून मोलाचं काहीतरी ठेवा.

आता आमच्या उल्हासनगरात राहणाऱ्याला आकड्यांवरून जागा शोधण्याचं नवल नाही. आमचा पत्ता म्हणजे कॅम्प नंबर, सेक्शन नंबर, बराक नंबर आणि खोली नंबर. नवख्या पाहुण्याला हे आकडे दिले की तो तासभर शोधतो आणि सापडल्यावर त्याला जो आनंद होतो तो जिओकॅशिंगचाच. मला नवल वाटलं ते निराळ्याच गोष्टीचं.

"त्या वहीबरोबर पेन्सिल असते म्हणालास. ती बांधलेली असते का?"

"कशाला बांधायची?"

"नेत नाही कुणी?"

"कशाला नेतील?"

मी त्याच्याकडे पाहतच राहिलो. रानात उघड्यावर पेन्सिल. ना दोरी, ना कॅमेरा, ना वॉचमन, ना ऑडिटर. आणि तीस लाख डबे चालू आहेत. अर्थात डबे चोरीला जातच नाहीत असं नाही. ज्याला खेळ ठाऊक नाही असा कुणी डबा उचलून नेतो तेव्हा त्याच्यासाठी या लोकांनी हॅरी पॉटरच्या पुस्तकातला शब्द घेतलाय, मगल. म्हणजे ज्याला जादू येत नाही असा सामान्य माणूस. चोराला चोर न म्हणता 'बिचाऱ्याला जादू येत नाही' म्हणणारी माणसं आमच्या वसुली खात्यात दोन दिवससुद्धा टिकणार नाहीत.

खरं म्हणजे लपवलेल्या धनाची परंपरा आपली किती जुनी! पण आपल्याकडे गुप्तधन म्हटलं की मोहरांचा हंडा, हंड्यावर वेटोळं घालून बसलेला नाग, आणि तो हंडा दिसायला माणूस पायाळू जन्मलेला हवा. शिवाय डोळ्यांत विशिष्ट अंजन हवं. त्यातून एखाद्याला हंडा सापडलाच, तर सरकारचा १८७८ सालचा कायदा आहे: जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही सापडलं तर कलेक्टरला कळवा. म्हणजे नागाच्या तावडीतून सुटलेलं धन कलेक्टरच्या हवाली. आपलं गुप्तधन कुणाला सापडू नये म्हणून ठेवलेलं असतं, यांचं सापडावं म्हणून. आपल्या हंड्यावर नाग आहे, यांच्या डब्यावर कुणीच नाही. इंग्लंडातल्या डार्टमूरच्या माळावर तर १८५४ सालीच एका वाटाड्याने बाटली ठेवली होती. पायपीट करून तिथवर जाणाऱ्याने आपलं कार्ड तिच्यात टाकून यायचं. तिलाही राखण नव्हती.

सौ.चा आक्षेप मात्र रोखठोक होता. "तुमच्या डब्यात असतं काय? प्लास्टिकची माकडं आणि शिट्ट्या. ते कोण चोरणार? एकदा सोन्याची बांगडी ठेवून बघा, आणि मग सांगा माणसाच्या चांगुलपणाच्या गोष्टी."

आक्षेप वजनदार होता, पण मला बँकेतला पुरावा ठाऊक होता. आमचं पेनसुद्धा सोन्याचं नसतं. तरी जातं. वस्तू स्वस्त आहे म्हणून कुणी चोरायचं थांबत नाही. उलट स्वस्त आहे म्हणून त्याला चोरी म्हणतच नाहीत. म्हणजे पेनही पाच रुपयांचं, पेन्सिलही पाच रुपयांची. एक बांधूनही जातं आणि दुसरी मोकळी सोडूनही राहते. हे कोडं सोडवायला प्रयोग करणं भाग होतं.

भाचा म्हणाला, "बारवी धरणाकडे जाऊ. जागा मस्त आहे."

डबा अर्थातच उल्हासनगरच्या बाजारातून आणला. आमच्याकडच्या मालावरच्या 'यू.एस.ए.' या अक्षरांचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा होतो, हा विनोद आता म्हातारा झाला; पण अमेरिकेहून आलेल्या मुलाने अमेरिकेचा खेळ खेळायला या यू.एस.ए.तला डबा घ्यावा, यात त्याचं सार्थक झालं. आम्ही लोकलने बदलापूरला उतरलो. फलाटावर नेहमीची घोषणा चालू होती: बेवारस वस्तूला हात लावू नका, त्यात बॉम्ब असू शकतो. भाचा ऐकून थबकला. त्याचा सगळा छंदच मुळी बेवारस वस्तूंना हात लावण्याचा. मी त्याला समजावलं की बाबा रे, आम्ही १९९३ पाहिलंय, २००६ साली लोकलच्या डब्यांत काय झालं ते पाहिलंय. आमच्याकडे 'डबा' आणि 'बेवारस' हे शब्द जवळ आले की माणसं लांब जातात. तो म्हणाला, तिकडेही असं झालंय. २०११ साली इंग्लंडात वेदरबी गावी भर रस्त्यात कुणी असा डबा लपवला, पोलिसांनी बॉम्बशोधक पथक बोलावलं आणि तो बिचारा डबा उडवून दिला. तेव्हापासून म्हणे लोक अधिकच जपून असतात.

आणि खरोखरच तो जपून होता. बारवीला पोचल्यावर धरणाची भिंत पाहून माझ्या मनात डबा ठेवण्याच्या दहा जागा आल्या. त्याने दहाही नाकारल्या. धरण, पूल, रूळ यांच्या आसपास डबा ठेवायचा नाही. जागा ज्याची त्याला विचारल्याशिवाय ठेवायचा नाही. जमिनीत पुरायचा नाही. खाण्याचं काही ठेवायचं नाही. सुट्टीवर आलेल्या माणसाने तर अधिकृत डबा ठेवायचाच नाही, कारण त्याची देखभाल कोण करणार? ज्या खेळात कुणी बघत नाही त्या खेळात इतके नियम असतात, हे मला नवीन होतं. आमच्याकडे उलट पद्धत आहे: नियमही पुष्कळ आणि बघणारेही पुष्कळ, त्यामुळे पाळायचं काम प्रत्येकाला दुसऱ्याचं वाटतं.

शेवटी आम्ही परत फिरलो आणि धरणापासून चांगलं लांब, रस्त्याकडेला एका चहाच्या टपरीवर बसलो. टपरीवाला पन्नाशीच्या पुढचा, शांत माणूस. टपरीमागे त्याच्याच जागेत आंब्याचं जुनं झाड होतं, आणि झाडाच्या पलीकडल्या बाजूला, टपरीवरून अजिबात दिसणार नाही अशी, एक सुरेख ढोली. भाच्याने त्याला खेळ समजावून सांगितला. अमेरिकेच्या यादीत हा डबा नसेल, आपलं घरगुती खातं म्हणून राहील, असंही सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "ह्या फोनात कंचीपन जागा दावतो?"

"कुठलीही."

"आमचा घर दावंल?"

भाच्याने मोठ्या उत्साहाने नकाशा उघडला. त्याने गावाचं नाव सांगितलं, काचकोली. भाचा नकाशा मोठा करत गेला. पडद्यावर निळा रंग आला, मग अजून निळा. त्या माणसाने वाकून पाहिलं, रस्त्याचं एक वळण ओळखलं, तिथून बोटाने अंतर मापत आला आणि निळ्याच्या मधोमध बोट ठेवलं. खाली अक्षांश-रेखांश उमटले, अंश, मिनिटं, सेकंद सगळं.

"बराबर हाय," तो म्हणाला. "तुमचा फोन खोटा नाय बोलत."

तीन मीटरच्या आतबाहेर डबा शोधणारा माझा भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मी दुसरा चहा सांगितला.

डबा ठेवला. मी कॅशियर असल्यामुळे आरंभीची शिल्लक लिहून घेतली: वही एक, पेन्सिल एक, शिट्ट्या दोन, गोट्या बारा, प्लास्टिकचा डायनासोर एक, स्वातंत्र्यदेवतेची किल्लीची साखळी एक. टपरीत एक कागद चिकटवला: 'मागच्या आंब्यात डबा आहे. काहीतरी घ्या, त्याच्या तोलाचं किंवा मोलाचं ठेवा, वहीत लिहा. मालकाला विचारू नये.' भाचा अमेरिकेला गेला आणि देखभाल माझ्याकडे आली. बँकेला दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी असते. महिन्यातला एक दुसरा शनिवार मी बारवीला देऊ लागलो. सौ. शेजारणींना सांगे, "यांना तिकडे इन्स्पेक्शनला जावं लागतं."

पहिल्या इन्स्पेक्शनलाच डब्यात मुंग्यांची वसाहत निघाली. कुणीतरी बिस्किटांचा पुडा ठेवला होता. खाण्याचं का ठेवू नये, हे भाच्यापेक्षा मुंग्यांनी अधिक चांगलं समजावलं. गोट्या गेल्या होत्या, त्यांच्या जागी एक लाकडी भोवरा होता, जाळीसकट. स्वातंत्र्यदेवता गेली होती आणि तिच्या जागी दहा रुपयांचं नाणं. आता दहाच्या नाण्याबद्दल आमच्या भागात काय समज आहे, हे मला काउंटरवर रोज कळतं. चौदाही प्रकारची दहाची नाणी चालतात असं रिझर्व्ह बँकेने २०१८ साली पुन्हा एकदा स्पष्ट केलं, तरी दुकानदार मान हलवतात. त्यामुळे हे नाणं ठेवणारा उदार होता की नुसताच सुटका करून घेत होता, हे ठरवता आलं नाही. एका विमा एजंटाने आपलं कार्ड ठेवलं होतं. त्याने काय नेलं ते लिहिलं नव्हतं, पण त्याच्या दृष्टीने त्याने मोलाचंच ठेवलं असणार.

वही मात्र वाचण्यासारखी होती. 'आलो. पाहिलं. काही घेतलं नाही.' खाली सहीच्या जागी 'शासकीय कर्मचारी.' एका कॉलेजकुमाराने बाण असलेलं हृदय काढलं होतं. त्याखाली वेगळ्या अक्षरात 'मी याच्याबरोबर आले नव्हते'. आणि एक नोंद अशी: 'शिट्टी घेतली. मुलगी रडत होती. जवळ ठेवायला काही नाही. पुढच्या खेपेला ठेवीन.' नाव नाही, पत्ता नाही, जामीन नाही. मी सवयीने मनात म्हटलं, थकीत. आमच्या भाषेत असं खातं उघडल्या दिवशीच बुडीत धरतात.

दोन महिन्यांनी त्याच वळणदार अक्षरात नवी नोंद होती. दोनच शब्द: 'शिट्टीबद्दल.' आणि डब्यात एक लाल रबरी चेंडू, कोरा, दुकानाच्या पिशवीसकट.

मी झाडाखाली उभा राहून तो चेंडू दोनदा आपटून पाहिला. कर्जवसुलीत मी आजवर नोटिसा पाहिल्यात, फोन पाहिलेत, जप्त्या पाहिल्यात. कुणीही न मागता, कुणीही न बघता, व्याजासकट आलेली ही पहिली परतफेड.

पण खरा धक्का पुढेच होता. पावसाळ्याच्या आधीच्या खेपेला पेन्सिल दिसेना. मला, खरं सांगायचं तर, जरा बरं वाटलं. माझी श्रद्धा शाबूत राहिली. मग डब्याच्या तळाशी पाहिलं. पेन्सिलीच्या जागी एक बॉलपेन होतं, चांगलं चालणारं. पेन्सिल झिजलेली पाहून कुणीतरी नियमाप्रमाणे त्याहून मोलाचं ठेवलं होतं. मी ते उचललं आणि पाहिलं, तर त्याच्या टोपणाला दोन इंच पांढरी दोरी बांधलेली होती. टोकाला तोडलेली.

कुठल्या बँकेचं ते मी सांगणार नाही. दोरीवरून ओळखता येत नाही.

म्हणजे बघा, माणूस एकच. एका जागी त्याने दोरी तोडून पेन आणलं आणि दुसऱ्या जागी, जिथे दोरीही नाही आणि बघणाराही नाही, तिथे तेच पेन आपण होऊन ठेवलं. हा माणूस चोर म्हणावा की साव? प्लेटोने चोवीसशे वर्षांपूर्वी एका मेंढपाळाची गोष्ट सांगितली आहे. त्याला बोटात फिरवली की अदृश्य करणारी अंगठी सापडते आणि तो थेट राजाला मारून गादीवर बसतो. कुणी बघत नसेल तर माणूस असाच वागेल, हा तिथला मुद्दा. आपल्याकडे कुणी बघत नसेल अशी सोयच ठेवलेली नाही. चित्रगुप्त अहोरात्र हिशेब लिहीत असतो आणि त्याला दुसऱ्या शनिवारचीही सुट्टी नाही. शनिशिंगणापूरला घरांना दारं-कुलपं नाहीत, आणि २०११ सालच्या जानेवारीत युको बँकेने तिथे बिनकुलपाची शाखासुद्धा काढली. पण तिथे शनिमहाराज बघतायत अशी श्रद्धा आहे. ज्यांचा वक्र दृष्टिक्षेप साडेसात वर्षं पुरतो, त्यांच्यासमोर कुलूप लावणं म्हणजे शुद्ध खर्च. हेही शेवटी ऑडिटच, फक्त वरच्या पातळीवरचं.

आमच्या आंब्याच्या ढोलीत मात्र शनीही नव्हता, नागही नव्हता, आणि चित्रगुप्ताला तिथे यायचं तर बदलापूरहून रिक्षा करावी लागते. तरी चेंडू आला. मला वाटतं, बांधलेलं पेन माणसाला सांगतं, 'तू चोर आहेस, हे आम्हाला ठाऊक आहे.' मग माणूस म्हणतो, असं काय? तर मग घ्या. उघडा डबा सांगतो, 'तू ठेवशील, हे आम्ही धरून चाललोय.' एवढी मोठी अपेक्षा कुणी आपल्याबद्दल सहसा ठेवत नाही. ती मोडायला माणसाला संकोच होत असावा. सगळ्यांनाच होतो असं नाही. त्या विमा एजंटाला झाला नाही. पण डबा चालू राहावा इतक्यांना होतो.

हा सिद्धांत मी टपरीवाल्याला ऐकवला. त्याने मान डोलावली. मग मी म्हटलं, इतके महिने तुमच्या झाडात आमचा डबा आहे, काहीतरी भाडं घ्या. तो कप विसळता विसळता म्हणाला, "गाव दिला साहेब. ढोलीचा भाडा काय मागू?"

त्याच्या आवाजात राग नव्हता, हीच अडचण झाली. रागाला उत्तर देता येतं. परतीच्या वाटेवर माझ्यातला वाणिज्य पदवीधर हिशेब मांडत बसला. बारवी धरण औद्योगिक विकास महामंडळाने १९७२ साली बांधलं आणि टप्प्याटप्प्याने त्याची उंची वाढवत नेली. शेवटच्या वाढीचं पाणी २०१९ च्या पावसाळ्यात भरलं. पातळी ६८.६० मीटरवरून ७२.६० मीटरवर गेली, साठा सुमारे २३४ दशलक्ष घनमीटरांवरून ३४० च्या आसपास. शेकडा पंचेचाळीस वाढ. आमच्या महागाई भत्त्याने अशी उडी घेतली असती तर आम्ही पेढे वाटले असते. आणि एका परीने वाटलेही. कारखाने, ठाण्यापासून बदलापूरपर्यंतची शहरं यांना त्या पाण्याचा वाटा मिळतो, आणि आमच्या उल्हासनगरला तर स्वतःचा म्हणावा असा झराच नाही. ती वाढलेली चार मीटर मुरबाड तालुक्यातल्या तोंडली, काचकोली, मोहघर अशा गावपाड्यांवरून गेली. घरटी एकाला नोकरी असं ठरलं, काहींना ती मिळालीही. चार मीटर म्हणजे तरी किती? आमच्या जुन्या बराकीचं छप्पर साधारण तेवढंच असेल.

आणि ती बराक तरी कुणाची? फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्या निर्वासितांना कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकी मिळाल्या आणि १९४९ साली छावणीचं उल्हासनगर झालं. मागे ठेवून आलेल्या घरांची गोष्ट आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी आम्हाला जन्मभर ऐकवली. घर सोडून आलेल्यांचं शहर, घर सोडून गेलेल्यांच्या गावावरचं पाणी पितं. कॅम्पातल्या नळाला दोरी नसते, मीटर फार तर असतो. पाण्याचं बिल आम्ही वेळेवर भरतो. पण बिल भरणं म्हणजे तोलाचं ठेवणं नव्हे. ज्या डब्यातून आम्ही रोज घेतो त्याच्या वहीत आमच्यापैकी कुणीही आजवर दोन शब्दसुद्धा लिहिलेले नाहीत. 'पाण्याबद्दल', एवढेही नाहीत.

परवा भाच्याचा फोन आला होता. "मामा, डब्याचा हिशेब जुळतो ना?"

"डब्याचा जुळतो," मी म्हटलं.

तो पुढे काही विचारणार, इतक्यात मोरीत नळ फुरफुरला आणि सौ.ने हाक मारली, "अहो, पाणी आलं. घ्या भरून."

फोन ठेवून मी उठलो आणि दोन्ही पिंपं काठोकाठ भरून घेतली. नियमाचा पहिला अर्धा भाग आमच्याकडे फार काटेकोरपणे पाळला जातो.